ब्रुसेल्सचा कायदा आणि घरची संसद

संसदीय शासनपद्धतीत मंत्री विधेयक मांडतो, संसद त्याची चिकित्सा करून ते संमत करते किंवा फेटाळते, आणि संमत झालेला कायदा राबवण्याची जबाबदारी पुन्हा त्याच मंत्र्यावर येते. म्हणजे कायदा राबवणारा हा कायदा करणाऱ्यांना उत्तरदायी असतो. युरोपीय संघात हा संबंध उलटा होतो. एखाद्या सदस्यदेशाचा कृषिमंत्री किंवा पर्यावरणमंत्री ब्रुसेल्सला जातो, तेथे मंत्रिपरिषदेत इतर सव्वीस देशांच्या मंत्र्यांबरोबर बसून मत देतो, आणि त्या मतदानातून जो कायदा तयार होतो तो त्याच्या स्वतःच्या संसदेने केलेल्या कायद्याहूनही वरचा ठरतो. घरी जो कार्यकारी मंडळाचा घटक असतो तोच ब्रुसेल्समध्ये कायदा करणारा होतो, आणि ज्या संसदेपुढे त्याने उत्तर द्यावयाचे, तिला त्या कायद्याच्या घडणीत स्वतःचे असे आसन उरत नाही. हे आसन परत मिळवण्यासाठी राष्ट्रीय संसदांनी जे प्रयत्न केले, करारांनी त्यांना जे अधिकार दिले, आणि प्रत्यक्षात त्यांचे बळ जेथे सापडले, त्यांचा विचार या व्याख्यानात करावयाचा आहे. करारांनी दिलेले अधिकार आणि प्रत्यक्षातले बळ एकाच ठिकाणी नाही, हे त्यातील मुख्य प्रतिपादन आहे.

युरोपीय कायदा तयार होण्याची पद्धत प्रथम थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. कायद्याचा प्रस्ताव मांडण्याचा अधिकार जवळजवळ सर्व क्षेत्रांत केवळ युरोपीय आयोगाला आहे. आयोग म्हणजे प्रत्येक सदस्यदेशातून एक याप्रमाणे नेमलेल्या आयुक्तांचे मंडळ. हा प्रस्ताव दोन संस्थांपुढे जातो: एक, थेट निवडून आलेली युरोपीय संसद, आणि दुसरी, सदस्यदेशांच्या मंत्र्यांची परिषद. दोघींची संमती मिळाली की कायदा होतो. तो ‘रेग्युलेशन’ या प्रकारचा असेल तर कोणत्याही राष्ट्रीय संसदेने हात न लावता सर्व देशांत जसाच्या तसा लागू होतो. ‘डायरेक्टिव्ह’ या प्रकारचा असेल तर त्यातील उद्दिष्ट बंधनकारक असते, पण ते साधण्यासाठी आपल्या देशात कोणता कायदा करावयाचा, हे राष्ट्रीय संसद ठरवते. या दुसऱ्या प्रकारातही संसदेपुढे जो मजकूर येतो, त्याचा गाभा आधीच ठरून आलेला असतो. 1964 साली लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयाने कोस्ता विरुद्ध एनेल या खटल्यात, इटलीच्या संसदेने केलेल्या वीज-राष्ट्रीयीकरणाच्या कायद्यासंदर्भात, असा निर्णय दिला की युरोपीय कायद्याशी विसंगत असा राष्ट्रीय कायदा, मग तो नंतर केलेला का असेना, युरोपीय कायद्यापुढे टिकू शकत नाही. नव्या कायद्याने जुना कायदा बदलण्याची संसदेची सत्ता या क्षेत्रापुरती त्या निर्णयाने संपली.

आरंभीच्या काळात ही सत्ता गमावल्याची टोचणी फारशी जाणवली नाही, आणि त्याला दोन कारणे होती. पहिले असे की 1952 मध्ये कोळसा व पोलाद समुदायाची जी सभा स्थापन झाली, तिचे 78 सदस्य राष्ट्रीय संसदांनीच आपल्यातून पाठवलेले होते. त्यामुळे स्ट्रासबुर्गच्या या सभेत बसणारा माणूस आठवड्याच्या दुसऱ्या टोकाला पॅरिस, रोम किंवा बॉनच्या सभागृहातही बसत असे. दुसरे कारण म्हणजे मंत्रिपरिषदेतील महत्त्वाचे निर्णय व्यवहारात एकमताने होत असत, आणि एकमत आवश्यक असेपर्यंत प्रत्येक संसद आपल्या मंत्र्याला नकार द्यावयास सांगू शकत होती. ही दोन्ही कारणे थोड्याच वर्षांच्या अंतराने नाहीशी झाली. जून 1979 मध्ये युरोपीय संसदेच्या थेट निवडणुका सुरू झाल्या, आणि एकच व्यक्ती दोन्ही संसदांत असण्याची प्रथा क्षीण होत जाऊन 2004 च्या निवडणुकीपासून तिला मनाईच झाली. पहिल्या थेट निवडणुकीनंतर काही वर्षांतच, 1986 च्या ‘सिंगल युरोपियन ॲक्ट’ने एकसंध बाजारपेठेसाठी लागणारे कायदे विशेष बहुमताने करण्याची वाट मोकळी केली. विशेष बहुमत म्हणजे आजच्या नियमानुसार किमान 55 टक्के सदस्यदेश आणि त्यांत संघाची किमान 65 टक्के लोकसंख्या. आता एखाद्या संसदेने आपल्या मंत्र्याला ठाम नकार द्यावयास लावले, आणि त्याने तो दिलाही, तरी कायदा होऊ शकतो आणि त्या देशाला तो पाळावा लागतो.

थेट निवडून आलेली युरोपीय संसद ही उणीव भरून काढील, अशी अपेक्षा होती, आणि तिचे अधिकार प्रत्येक नव्या कराराबरोबर वाढतही गेले. परंतु मतदारांचा प्रतिसाद उलट दिशेने गेला: 1979 मध्ये सुमारे 62 टक्के असलेले मतदान 2014 पर्यंत 43 टक्क्यांच्या खाली आले. लोकांची राजकीय निष्ठा, त्यांची वृत्तपत्रे, त्यांचे पक्ष आणि त्यांचे वादविवाद राष्ट्रीय चौकटीतच राहिले. जून 1992 मध्ये डेन्मार्कच्या मतदारांनी युरोपीय संघ स्थापन करणारा मास्ट्रिख्ट करार अगदी थोड्या फरकाने फेटाळला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फ्रान्सने तो तितक्याच थोड्या फरकाने स्वीकारला, तेव्हा सरकारांच्या लक्षात आले की कायद्याची वैधता केवळ स्ट्रासबुर्गच्या युरोपीय संसदेतून मिळवता येणार नाही. राष्ट्रीय संसदांच्या युरोपविषयक समित्यांची परिषद, जी ‘कोसॅक’ या फ्रेंच आद्याक्षरनामाने ओळखली जाते, ती 1989 पासून भरू लागली होतीच. 1997 च्या ॲमस्टरडॅम कराराला राष्ट्रीय संसदांविषयीचा एक स्वतंत्र प्रोटोकॉल जोडला गेला आणि प्रस्ताव परिषदेच्या निर्णयासाठी येण्यापूर्वी सहा आठवड्यांचा अवधी राखून ठेवण्यात आला. पुढे व्हालेरी जिस्कार देस्तँ यांच्या अध्यक्षतेखाली 2002-03 मध्ये जे संविधान-संमेलन भरले, त्यात राष्ट्रीय संसदांचे प्रतिनिधी बहुसंख्येने होते, आणि आजची यंत्रणा तेथेच आकाराला आली. ते संविधान 2005 मध्ये फ्रान्स आणि नेदरलँड्सच्या सार्वमतांत पडले. यंत्रणा मात्र टिकली आणि 1 डिसेंबर 2009 रोजी अमलात आलेल्या लिस्बन करारात काहीशा वाढीव स्वरूपात दाखल झाली.

या यंत्रणेचा पाया ‘सबसिडिॲरिटी’ या तत्त्वावर आहे. ज्या क्षेत्रात संघ आणि सदस्यदेश या दोघांनाही कायदा करण्याची मुभा आहे, तेथे एखादे उद्दिष्ट देशाच्या, प्रांताच्या किंवा गावाच्या पातळीवर पुरेसे साधत असेल तर संघाने त्यात पडू नये, आणि उद्दिष्टाची व्याप्ती किंवा परिणाम पाहता ते संघाच्या पातळीवरच अधिक चांगले साधणार असेल तरच पडावे, असा त्याचा आशय आहे. लिस्बन करारानुसार आयोग आपला प्रत्येक कायद्याचा प्रस्ताव सर्व राष्ट्रीय संसदांना थेट पाठवतो. प्रत्येक संसदेला दोन मते असतात; द्विसदनी संसद असेल तर प्रत्येक सभागृहाला एक. आठ आठवड्यांच्या आत एखाद्या सभागृहाला हे तत्त्व मोडले गेले आहे असे वाटले, तर ते ‘सकारण अभिप्राय’ पाठवू शकते. अशा अभिप्रायांची मते एकूण मतांच्या एक तृतीयांश झाली (पोलीस व फौजदारी न्यायाच्या क्षेत्रात एक चतुर्थांश) की आयोगाला प्रस्तावाचा फेरविचार करावा लागतो. फुटबॉलच्या मैदानावरून घेतलेल्या भाषेत याला पिवळे कार्ड म्हणतात. आजच्या सत्तावीस देशांच्या संघात एकूण मते 54 आहेत आणि पिवळ्या कार्डासाठी 18 लागतात. साधे बहुमत झाले तर नारिंगी कार्ड होते, आणि तेव्हा युरोपीय संसद किंवा मंत्रिपरिषद यांपैकी कोणीही प्रस्ताव तेथेच थांबवू शकते. लाल कार्ड, म्हणजे संसदांनी मिळून प्रस्ताव रद्दच करणे, करारात नाही. फेब्रुवारी 2016 मध्ये ब्रिटनशी झालेल्या समझोत्यात 55 टक्के मतांवर तशी तरतूद देऊ केली होती, परंतु त्या वर्षीच्या जूनमधील सार्वमतात ब्रिटनने संघ सोडण्याचा कौल दिल्यानंतर तो समझोताच बाद झाला.

नारिंगी कार्ड आजवर एकदाही निघालेले नाही. पिवळी कार्डे तीन निघाली, आणि तिन्हींचा इतिहास इतका बोलका आहे की त्यावर थोडे थांबणे योग्य ठरेल.

पहिले कार्ड मे 2012 मध्ये निघाले. त्याची पार्श्वभूमी 2007 च्या डिसेंबरमध्ये युरोपीय न्यायालयाने दिलेल्या दोन निकालांत होती. एका प्रकरणात फिनलंडच्या एका फेरी कंपनीला आपले जहाज एस्टोनियाच्या ध्वजाखाली नेऊन खलाशांचा पगार कमी करावयाचा होता. दुसऱ्यात एका लाटव्हियन बांधकाम कंपनीने स्टॉकहोमजवळच्या व्हाक्सहोम येथे शाळेच्या कामावर लाटव्हियाच्या वेतनदराने कामगार आणले होते. दोन्ही ठिकाणी कामगार संघटनांनी केलेल्या कृतीला न्यायालयाने कंपन्यांच्या आर्थिक स्वातंत्र्याच्या कसोटीवर तोलले, आणि उत्तर युरोपातील कामगार चळवळीला तो मोठा धक्का होता. आयोगाने संपाच्या हक्काविषयी जे रेग्युलेशन मांडले, त्याने हा तोल सावरण्याऐवजी न्यायालयाचीच भूमिका कायद्यात पक्की होईल, असे अनेकांना वाटले. डेन्मार्कच्या संसदेने म्हणजे ‘फोल्केटिंग’ने पुढाकार घेतला, इतर संसदांच्या समित्यांशी आणि ब्रुसेल्समधील त्यांच्या प्रतिनिधींशी संपर्क साधला, आणि बारा सभागृहांची 19 मते जमली. सप्टेंबरमध्ये आयोगाने प्रस्ताव मागे घेतला. मात्र माघार घेताना, सबसिडिॲरिटीचा भंग झाला हे आपल्याला मान्य नाही, परिषदेत आणि युरोपीय संसदेत पुरेसा पाठिंबा दिसत नाही म्हणून आपण थांबत आहोत, असे आयोगाने सांगितले. ज्या कारणासाठी कार्ड दाखवले ते कारण नाकारायचे आणि परिणाम मात्र मान्य करायचा, असा तो निर्णय होता. संसदांना जय मिळाला, पण त्यांच्या हक्काला मान्यता मिळाली नाही.

दुसरे कार्ड 2013 च्या शरद ऋतूत, युरोपीय सरकारी वकिलाचे कार्यालय स्थापन करण्याच्या प्रस्तावावर निघाले. संघाच्या निधीची अफरातफर करणाऱ्यांवर खटले भरण्यासाठी हे कार्यालय हवे होते. चौदा सभागृहांनी 18 मतांचे अभिप्राय पाठवले, आणि संघात तेव्हा अठ्ठावीस देश असल्याने या क्षेत्रातील उंबरठा 56 पैकी 14 मतांचा होता. आयोगाने नोव्हेंबरमध्ये उत्तर दिले की प्रस्ताव जसाच्या तसा कायम राहील. सभागृहांनी मेहनतीने लिहिलेल्या मुद्द्यांना हे उत्तर पुरेसे भिडत नाही अशी तक्रार अनेक संसदांनी केली, आणि ती रास्त होती. पण पुढची घडामोड लक्षात घेतली पाहिजे: परिषदेतील वाटाघाटींत आयोगाचा केंद्रीभूत आराखडा बदलत गेला, प्रत्येक देशाच्या एका वकिलाचा समावेश असलेल्या मंडळाची रचना पुढे आली, जिचा आग्रह अनेक संसदांनी आपल्या अभिप्रायांत धरला होता; आणि 2017 मध्ये इच्छुक देशांपुरतेच ते रेग्युलेशन संमत होऊन लक्झेंबर्गमधील कार्यालयाने 1 जून 2021 रोजी बावीस देशांसाठी काम सुरू केले. कार्डाने जे साधले नाही, ते त्याच संसदांपुढे उत्तर देणाऱ्या मंत्र्यांनी परिषदेत साधले.

तिसरे कार्ड 2016 चे. परदेशी तात्पुरते पाठवलेल्या कामगारांना यजमान देशातील कामगारांइतकेच वेतन मिळावे, असा तो प्रस्ताव होता. अकरा देशांच्या चौदा सभागृहांनी 22 मते नोंदवली; त्यांतले दहा देश मध्य आणि पूर्व युरोपातील होते, ज्यांच्या कंपन्यांना स्वस्त श्रमाचा लाभ होत होता, आणि अकरावा डेन्मार्क होता. जी समस्या एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या कामगारांमुळेच निर्माण होते ती राष्ट्रीय पातळीवर सुटेल, हा युक्तिवाद मुळातच लंगडा होता, आणि आयोगाने जुलैमध्ये प्रस्ताव कायम ठेवला. 2018 मध्ये डायरेक्टिव्ह संमत झाले. हंगेरी आणि पोलंड त्याविरुद्ध न्यायालयात गेले आणि डिसेंबर 2020 मध्ये हरले. या प्रकरणात संसदांनी सबसिडिॲरिटीच्या पोशाखात आर्थिक हितसंबंध पुढे केले, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे, परंतु त्याबद्दल संसदांना दोष देणे योग्य नाही. संसद ही न्यायालय नव्हे. एखादा प्रस्ताव आपल्या लोकांना जाचेल की उपकारक ठरेल हे सांगणे हेच तिचे काम आहे, आणि तिला बोलावयास एवढेच एक अरुंद दार ठेवले असेल तर ती आपले सारे म्हणणे त्यातूनच ढकलणार. प्रस्ताव चांगला की वाईट, खर्चिक की काटकसरीचा, हे बोलण्याची मुभा नाही, फक्त तो कोणत्या पातळीवर व्हावा एवढेच बोला, ही अट कायदेपंडितांना सोयीची असली तरी लोकप्रतिनिधींच्या प्रकृतीला मानवणारी नाही.

2016 नंतर चौथे कार्ड निघालेले नाही. त्या वर्षी सभागृहांनी 65 सकारण अभिप्राय पाठवले होते; 2019 मध्ये, जेव्हा आयोगाची मुदत संपत आली होती आणि नवे प्रस्ताव मोजकेच होते, एकही आला नाही. न्यायालयाचा मार्गही करारात आहे, कारण सबसिडिॲरिटीच्या भंगाबद्दल राष्ट्रीय संसदेच्या वतीने दावा दाखल करता येतो. परंतु केवळ या तत्त्वाच्या भंगासाठी युरोपीय न्यायालयाने आजवर एकही कायदा रद्द केलेला नाही. आठ आठवड्यांचा अवधी बारा आठवड्यांचा करावा, अशी शिफारस आयोगाचे उपाध्यक्ष फ्रान्स टिमरमान्स यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाने 2018 मध्ये केली. अवधी वाढणे उपयोगी ठरेल, पण खरी अडचण वेगळीच आहे. सभागृह ज्या मजकुरावर आठ आठवड्यांत मत देते, तो कायद्याचा शेवटचा मजकूर नसतो. आयोग, परिषद आणि युरोपीय संसद यांचे मोजके प्रतिनिधी ‘ट्रायलॉग’ नावाच्या त्रिपक्षीय बैठकांत बंद दाराआड बसतात, चार रकान्यांचा तक्ता समोर ठेवतात, पहिल्या तीन रकान्यांत तिघांच्या भूमिका आणि चौथ्यात जमत आलेली तडजोड लिहीत जातात, आणि बहुतेक कायदे तेथेच घडतात. मार्च 2018 मध्ये संघाच्या सामान्य न्यायालयाने दे कापितानी खटल्यात हा चौथा रकाना नागरिकांपासून लपवण्यास सरसकट मुभा नाही असे ठरवले, तरी व्यवहारात तो वेळेवर हाती येणे कठीणच असते. अशा स्थितीत पहिल्या मसुद्यावर पाठवलेला अभिप्राय, कितीही विद्वत्तापूर्ण असला तरी, ज्या खोलीत निर्णय होतो तेथपर्यंत पोहोचत नाही. त्या खोलीत राष्ट्रीय संसदेचा ज्याच्यावर हक्क चालतो असा एकच दुवा असतो, तो म्हणजे परिषदेतला तिचा स्वतःचा मंत्री.

लिस्बन करारातील लोकशाहीविषयक कलमानेही हेच गृहीत धरले आहे: नागरिकांचे प्रतिनिधित्व युरोपीय संसदेत थेट होते, आणि देशांचे प्रतिनिधित्व परिषदेत त्यांच्या सरकारांमार्फत होते, जी सरकारे आपापल्या संसदेला किंवा नागरिकांना उत्तरदायी असतात. अर्थात संघाच्या लोकशाहीचा अर्धा भार या उत्तरदायित्वावर उभा आहे, आणि ते पार पाडण्याची पद्धत मात्र करार ठरवत नाही. ती प्रत्येक संसदेने स्वतः घडवायची आहे. म्हणूनच या बाबतीत संसदा-संसदांत जे अंतर दिसते, ते फार मोठे आहे.

या पद्धतींत सर्वांत कणखर पद्धत डेन्मार्कची मानली जाते, आणि ती कोणत्याही करारातून आलेली नाही. 1 जानेवारी 1973 रोजी डेन्मार्क समुदायात आला, आणि काही आठवड्यांतच बेकनच्या निर्यातीशी संबंधित वाटाघाटींवरून सरकार आणि संसद यांच्यात खटका उडाला. त्यातून असा संकेत पडला की महत्त्वाच्या प्रश्नावर परिषदेत भूमिका घेण्यापूर्वी मंत्र्याने संसदेच्या समितीपुढे, जिचे आज सतरा सदस्य आहेत, आपली वाटाघाटींची चौकट तोंडी मांडावी. समितीत मतदान करून ठराव होत नाही. अध्यक्ष प्रत्येक पक्षाचे मत ऐकतो, त्या पक्षाचे सभागृहातील बळ हिशेबात धरतो, आणि चौकटीविरुद्ध बहुमत नाही असे दिसले तर मंत्र्याला मोकळीक मिळते. बहुमत विरुद्ध असेल तर मंत्री तेथेच आपली चौकट बदलतो. वाटाघाटींत त्याबाहेर जाण्याची वेळ आली तर त्याला पुन्हा समितीकडे यावे लागते. डेन्मार्कमध्ये सरकारे बहुधा अल्पमताची असतात, त्यामुळे हा संकेत कागदावर राहत नाही. मंत्र्याचे हात बांधले गेल्याने त्याचे ब्रुसेल्समधले वजन घटते, असा एक आक्षेप घेतला जातो. परंतु आपल्या मागे संसद उभी आहे आणि ती एवढेच मान्य करील, हे सांगू शकणारा मंत्री वाटाघाटींत दुबळा नसतो, हे डेन्मार्कच्या अर्धशतकाच्या अनुभवावरून म्हणता येते.

फिनलंडने 1995 मध्ये संघात येतानाच ही व्यवस्था संविधानात आणली, आणि ती कदाचित अधिक समतोल आहे. संसदेच्या अखत्यारीतील विषयावर युरोपीय प्रस्ताव आला की सरकारने तो विनाविलंब संसदेकडे धाडावयाचा असतो. विषयवार समित्या आपले मत लिहून देतात आणि पंचवीस सदस्यांची ‘महासमिती’ सरकारला दिशा देते. शेती समितीतला सदस्य शेतीचा प्रस्ताव वाचतो, वाहतूक समितीतला वाहतुकीचा. युरोप हा एका समितीचा खास विषय न राहता सर्व संसदेचा नित्याचा विषय होतो. ब्रिटनचा मार्ग याहून वेगळा होता. तेथे मंत्र्याऐवजी कागद तपासले जात: 1974 पासून कॉमन्सची छाननी समिती प्रत्येक दस्तऐवजाचे महत्त्व ठरवी, आणि 1980 च्या ठरावानुसार छाननी पूर्ण होण्याआधी मंत्र्याने ब्रुसेल्समध्ये संमती देऊ नये असा दंडक होता. लॉर्ड्स सभागृहाच्या युरोपविषयक समितीचे अहवाल साऱ्या युरोपात आदराने वाचले जात. तरीही या छाननीतले फारसे काही कॉमन्सच्या मुख्य सभागृहात पोहोचले नाही, वृत्तपत्रांत तर नाहीच, आणि 2016 मध्ये ‘नियंत्रण परत मिळवा’ अशी हाक दिली गेली, तेव्हा वेस्टमिन्स्टरमध्ये चार दशके चाललेले हे काम बहुसंख्य मतदारांना ठाऊकच नव्हते. समितीच्या खोलीतील परिश्रम सभागृहाच्या वादात उतरले नाहीत तर लोकांच्या दृष्टीने ते झालेच नाहीत, हे या उदाहरणातून मोठ्या किमतीने सिद्ध झाले.

जर्मनीत संसदेचा हक्क न्यायालयाने रुंदावला. कार्ल्सरूहे येथील संघराज्य संविधान न्यायालयाने 30 जून 2009 च्या लिस्बन निकालात युरोपीय एकात्मतेविषयी संसदेची स्वतःची जबाबदारी आहे असे सांगितले आणि कायदा दुरुस्त होईपर्यंत कराराचे अनुसमर्थन अडवून धरले. पुढे कर्जसंकटाच्या काळात, अर्थसंकल्पावरील निर्णय हा बुंडेस्टागचा म्हणजे जर्मन संसदेचा गाभ्याचा अधिकार आहे, तो कोठेही सोपवता येणार नाही, अशी भूमिका त्याने घेतली. तातडीच्या बचावनिधीचे निर्णय नऊ सदस्यांच्या छोट्या मंडळाकडे देण्याची योजना फेब्रुवारी 2012 मध्ये बहुतांशी रद्द केली. आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये, सरकारने संसदेला माहिती शक्य तितक्या लवकर व सविस्तर द्यावयास हवी होती, ती निर्णय ठरून गेल्यावर देऊन चालणार नाही, असे ठरवले. या साऱ्या निकालांत शेवटचा निकाल कमी चर्चिला गेला, परंतु व्यवहारात तोच सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण ज्या संसदेला मसुदा उशिरा मिळतो तिचे इतर सर्व अधिकार निरर्थक होतात.

पैशाच्या प्रश्नावर संसदांचे बळ सर्वांत ठळकपणे दिसते आणि त्यातली विषमताही तेथेच उघडी पडते. ऑक्टोबर 2011 मध्ये स्लोव्हाकियाच्या संसदेने युरो-बचावनिधीच्या विस्ताराला नकार दिला. तो प्रश्न विश्वासदर्शक ठरावाशी जोडलेला असल्याने इव्हेता रादिचोव्हा यांचे सरकार कोसळले, आणि दोनच दिवसांनी त्याच संसदेने लवकर निवडणुकांच्या बदल्यात तो विस्तार संमत केला. ऑगस्ट 2015 मध्ये ग्रीसच्या तिसऱ्या मदत-कार्यक्रमावर बुंडेस्टागने 454 विरुद्ध 113 मतांनी होकार दिला. त्याआधी काही दिवस अथेन्सच्या संसदेने, शेकडो पानांच्या अटी रात्रभराच्या बैठकीत संमत केल्या होत्या. दोन्ही ठिकाणी संसदच मत देत होती, दोन्ही संविधानांनुसार अर्थसंकल्प हा तिचाच अधिकार होता, परंतु एका संसदेपुढे निवड होती आणि दुसरीपुढे मुदत. ऋणको देशाच्या लोकप्रतिनिधींवर त्या उन्हाळ्यात जे लादले गेले, ते युरोपीय एकात्मतेच्या इतिहासातील दुःखद प्रकरण आहे, आणि धनको देशांच्या संसदीय हक्काचा गौरव करताना ते विसरता येत नाही. 2021 मध्ये महामारीनंतरच्या पुनरुज्जीवनासाठी 750 अब्ज युरोचे सामायिक कर्ज उभारण्याची वेळ आली, तेव्हा संघाच्या स्व-उत्पन्नाविषयीच्या निर्णयाला सर्व सत्तावीस देशांचे अनुसमर्थन लागले. फिनलंडच्या संविधान समितीने यासाठी दोन तृतीयांश बहुमत हवे असे ठरवले. दीर्घ चर्चेनंतर 18 मे रोजी 134 विरुद्ध 57 मतांनी ते मिळाले. निकाल अनिश्चित असलेली अशी चर्चा, जी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येते आणि जिच्यात संघ म्हणजे काय हे लोकांना समजते, अनेक देशांत झालीच नाही. तेथे अनुसमर्थन ही औपचारिकता ठरली.

व्यापार करारांच्या बाबतीत हा प्रश्न युरोपबाहेरच्या देशांनाही येऊन भिडतो. ऑक्टोबर 2016 मध्ये कॅनडाशी झालेला करार बेल्जियममधील वालोनिया या प्रांताच्या संसदेने काही आठवडे रोखून धरला, कारण बेल्जियमच्या संविधानात प्रांतिक संसदांनाही अशा ‘मिश्र’ करारावर मत आहे. मिश्र म्हणजे ज्यातील काही विषय संघाचे आणि काही सदस्यदेशांचे असतात असा करार. मे 2017 मध्ये युरोपीय न्यायालयाने सिंगापूर कराराविषयी दिलेल्या मतानंतर आयोगाने धडा घेतला: निव्वळ व्यापाराचा करार संघाच्या एकट्याच्या अधिकारात ठेवावयाचा आणि गुंतवणूक-संरक्षणाचा, ज्याला सर्व राष्ट्रीय संसदांची संमती लागते, तो वेगळा काढावयाचा. भारताशी 2022 मध्ये नव्याने सुरू झालेल्या वाटाघाटीही याच धाटणीने मुक्त व्यापार, गुंतवणूक-संरक्षण आणि भौगोलिक निर्देशांक अशा तीन स्वतंत्र करारांसाठी होत्या.

महाराष्ट्रातील द्राक्ष बागायतदाराला युरोपीय कायद्याची जी बाजू ठाऊक आहे, ती मात्र यांपैकी कोणत्याच संसदेपुढे येत नाही. 2010 च्या हंगामात क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशांमुळे नाशिक भागातून गेलेला माल युरोपीय बंदरांत अडकला आणि निर्यातदारांना मोठा फटका बसला. कीटकनाशके व तत्सम द्रव्यांच्या अंशांची कमाल मर्यादा 2005 च्या एका मूळ रेग्युलेशनच्या आधारे आयोग ठरवतो. जेथे वेगळी मर्यादा नाही तेथे किलोमागे 0.01 मिलिग्रॅम ही सरसकट मर्यादा लागू होते. आणि या निर्णयांवर सदस्यदेशांच्या मंत्रालयांतील अधिकाऱ्यांची समिती मत देते. मूळ कायद्याच्या पोटातून निघणारे असे नियम संख्येने कायद्यांहून कितीतरी अधिक असतात, आणि लिस्बन कराराची आठ आठवड्यांची पूर्वसूचना केवळ कायद्याच्या प्रस्तावांना असल्याने ते तिच्या कक्षेबाहेर राहतात. नेदरलँड्सच्या आयातदारापासून निफाडच्या शेतकऱ्यापर्यंत सर्वांना बांधणारा आकडा जेथे ठरतो, तेथे निवडून आलेला एकही राष्ट्रीय प्रतिनिधी नसतो.

सध्याची बहुवार्षिक आर्थिक चौकट 31 डिसेंबर 2027 रोजी संपते. पुढील सात वर्षांसाठी आयोगाने जुलै 2025 मध्ये जवळपास दोन हजार अब्ज युरोचा प्रस्ताव मांडला आणि त्याबरोबर संघासाठी उत्पन्नाचे नवे स्रोतही सुचवले. या स्रोतांचा निर्णय पुन्हा सर्व सत्तावीस देशांच्या घटनात्मक प्रक्रियांतून जावा लागतो. ज्या संसदा अनुसमर्थनाचा कागद समोर येईपर्यंत थांबतील, त्यांच्यापुढे होकार किंवा सर्वांचा खोळंबा, एवढेच पर्याय उरतील. ज्या संसदांच्या अर्थसमित्या परिषदेत वाटाघाटी चालू असतानाच आपल्या अर्थमंत्र्याला बोलावून, तो कोणत्या आकड्याला आणि कोणत्या कराला संमती देणार आहे हे विचारतील, त्यांना त्या आकड्यात आणि त्या करात बदल करून घेता येईल.